मुंबईचे स्कॉच चर्च : इतिहास आणि वास्तू

सुरत शहरात कतारगाम दरवाज्याजवळ इंग्रजांचे जुने दफनस्थान आहे. डिंडोलीहून विद्यार्थ्यांस घेऊन आम्ही तेथे जातो, तेव्हा मुलांचा पहिला प्रश्न बहुधा ठरलेला असतो : “सर, ह्या मशिदी कोणाच्या?” प्रश्न अगदीच चुकीचा आहे असे म्हणता येत नाही. घुमट आहेत, कमानी आहेत, चारी बाजूंनी मोकळे मंडप आहेत. गुजरातेत मुसलमान अमीर-उमरावांच्या कबरी जशा बांधल्या जात, तशाच त्या आहेत. परंतु त्यांतील सर्वांत भव्य दुमजली वास्तूखाली क्रिस्टोफर ऑक्झेंडन व त्याचा भाऊ सर जॉर्ज ऑक्झेंडन हे दोघे विसावले आहेत. क्रिस्टोफर इ. स. १६५९ मध्ये वारला, सर जॉर्ज १६६९ मध्ये. शिवाजी महाराजांनी इ. स. १६६४ च्या जानेवारीत सुरतेवर स्वारी केली, तेव्हा इंग्रजांची वखार लढवणारा प्रमुख तो हाच सर जॉर्ज. परमुलखात व्यापारासाठी आलेल्या, मोगल सुभेदाराच्या परवानगीने राहणाऱ्या माणसांनी आपल्या माणसाचे स्मारक उभारताना ह्या भूमीतील थोरांची रीत उचलली, हे त्या घुमटावरून स्पष्ट दिसते.

सर जॉर्जच्या मृत्यूनंतर बरोबर दीडशे वर्षांनी, म्हणजे इ. स. १८१९ च्या एप्रिलमध्ये, मुंबईच्या किल्ल्याच्या दक्षिण भागात एक प्रार्थनामंदिर उपासनेसाठी उघडले गेले. त्यात घुमट नाही, नक्षीची कमान नाही, इथल्या मातीची म्हणावी अशी एकही खूण नाही. पुढे स्तंभांची देवडी, तिच्यावर त्रिकोणी शीर्षभाग, आणि त्यामागून वर चढत गेलेला निमुळता मनोरा, अशी ती पांढरी वास्तू आहे. तिचे नाव सेंट अँड्र्यूज चर्च. जुने मुंबईकर तिला स्कॉच चर्च म्हणत. दीडशे वर्षांत परदेशी माणसाची ह्या देशातील जागा किती बदलली, हे सुरतेचा घुमट आणि मुंबईचा मनोरा शेजारी शेजारी ठेवून पाहिले असता कोणत्याही सनावळीपेक्षा लवकर समजते. मात्र मुंबईची ही वास्तू आणखीही एक गोष्ट सांगते, आणि ती आम्हां शिक्षकांकडून बहुधा सांगावयाची राहून जाते. म्हणून हा लेखप्रपंच.

वर्गात शिकवताना आम्ही ‘इंग्रज’ हा शब्द फार सैलपणे वापरतो. मराठ्यांचा इतिहास लिहिणारा जेम्स ग्रँट डफ, मुंबईचे गव्हर्नर माउंट स्टुअर्ट एल्फिन्स्टन आणि सर जॉन माल्कम, मराठी कोशाचे काम करणारा व्हॅन्स केनेडी, विद्यालय स्थापणारे डॉ. जॉन विल्सन, ही सारी मंडळी आमच्या लेखी इंग्रज. वस्तुतः ह्यांपैकी एकही इंग्रज नव्हता, सारे स्कॉच. राज्य एक असले तरी स्कॉटलंडची न्यायपद्धती निराळी, शिक्षणपद्धती निराळी आणि मुख्य म्हणजे चर्चही निराळे. हा निराळेपणा ज्या वास्तूत दगडचुन्याने मांडला गेला आहे, ती ही.

प्रेसबिटेरियन म्हणजे काय

‘प्रेसबिटेरॉस’ हा ग्रीक शब्द. त्याचा अर्थ वडील, जाणता, वयाने व अनुभवाने मोठा. ज्या ख्रिस्ती पंथाचा कारभार अशा वडिलांच्या मंडळाकडे असतो, तो प्रेसबिटेरियन. इंग्लंडच्या चर्चमध्ये अधिकाराची उतरंड बिशपांच्या हाती असते. राजा त्या चर्चचा प्रमुख. स्कॉटलंडात इ. स. १५६० मध्ये जॉन नॉक्स आदी सुधारकांच्या प्रेरणेने धर्मसुधारणा झाली. पुढे बिशप असावेत की नसावेत ह्यावरून शतकभर झगडा चालला, रक्तपातही झाला, आणि इ. स. १६९० मध्ये बिशपांवाचून चालणारी प्रेसबिटेरियन व्यवस्था तेथे कायम झाली. इ. स. १७०७ मध्ये इंग्लंड व स्कॉटलंड ह्यांचे एक राज्य झाले, तेव्हाही ह्या व्यवस्थेस हात लावावयाचा नाही, अशी हमी स्कॉटलंडने घेतली. परिणामी एकाच राज्यात कायद्याने मान्य अशी दोन राजचर्चे नांदू लागली.

ह्या पंथाची रचना आपल्याकडील पंचायतीशी ताडून पाहिली म्हणजे चटकन ध्यानात येते. प्रत्येक मंडळीचे पाळक व निवडलेले वडील मिळून स्थानिक सभा होते. आसपासच्या मंडळ्यांची मिळून प्रेसबिटरी, अनेक प्रेसबिटरींवर सिनड, आणि सर्वांवर जनरल असेंब्ली, अशी चढती श्रेणी असते. साम्य अर्थात पुरते नाही. आपल्या गावपंचायतीत वतन व जात ह्यांना जो मान होता, तो येथे निवडीला व धर्मशिक्षणाला आहे. परंतु एकट्याने नव्हे तर सभेने ठरवावयाचे, हे मूळ सूत्र दोहींकडे सारखेच.

हे सूत्र मनात ठेवून मंदिरात शिरले म्हणजे आतील मांडणीचा अर्थ लागतो. जुन्या रीतीच्या प्रेसबिटेरियन मंदिरात वेदी नसते. प्रभुभोजनाचे साधे मेज असते. कारण तेथे यज्ञ व्हावयाचा नसून सर्वांनी मिळून भोजनाचे स्मरण करावयाचे असते. संतांच्या मूर्ती नसतात. सर्वांत ठळक जागा व्यासपीठाला; कारण वचनाचा अर्थ ऐकणे हाच उपासनेचा गाभा. म्हणून दालन असे बांधावयाचे की, शेवटच्या बाकावरील माणसासही उपदेशकाचा शब्द स्वच्छ ऐकू यावा. पूर्वी गायन असे ते स्तोत्रसंहितेचे, तेही वाद्यावाचून. स्कॉटलंडच्या चर्चमध्ये ऑर्गनला वाट मिळाली ती एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात. थोडक्यात म्हणजे हे मंदिर दर्शनासाठी नसून श्रवणासाठी असते. आपल्या वाचकांस कीर्तनाच्या मंडपाची आठवण झाल्यास ती अगदीच अस्थानी नव्हे. मात्र कीर्तनमंडपात समोर विठ्ठलाची मूर्ती असते, येथे केवळ ग्रंथ.

मुंबईत स्थापना

ईस्ट इंडिया कंपनीच्या सनदेचे इ. स. १८१३ मध्ये नूतनीकरण झाले. त्या कायद्याने हिंदुस्थानासाठी इंग्लंडच्या चर्चचा एक बिशप व तीन आर्चडीकन नेमण्याची तरतूद झाली. कंपनीच्या पलटणींत, वखारींत आणि कचेऱ्यांत स्कॉच लोकांचा भरणा मोठा होता. ‘आमचेही चर्च राजमान्य आहे, मग आमचे पाळक का नकोत?’ असा सवाल स्कॉटलंडातून आला. त्यावर कंपनीच्या संचालकांनी कलकत्ता, मद्रास व मुंबई ह्या तिन्ही इलाख्यांसाठी एकेक स्कॉच चॅप्लन देण्याचे मान्य केले. मुंबईच्या वाट्यास रेव्हरंड जेम्स क्लो आले. ते इ. स. १८१५ मध्ये मुंबईस पोहोचले, तेव्हा त्यांच्या मंडळीस स्वतःचे मंदिर नव्हते.

मंदिर नसणे ही केवळ गैरसोय नव्हती. स्कॉच पाळकाने लावलेले लग्न हिंदुस्थानात कायदेशीर ठरते की नाही, असा प्रश्न निघाला. लग्न संशयित म्हणजे संतती संशयित आणि वारसाहक्कही संशयित. अखेर इ. स. १८१८ मध्ये पार्लमेंटने स्वतंत्र कायदा करून, वधूवरांपैकी निदान एक जण स्कॉटलंडच्या चर्चचा असल्यास अशी लग्ने ग्राह्य ठरवली. पुढे इ. स. १८३३ च्या सनदी कायद्यात प्रत्येक इलाख्यात दोन स्कॉच चॅप्लन असावेत, असे स्पष्ट कलमच आले. समान मानाची ही मागणी एका बाजूने कायद्यात चालू होती, तर दुसऱ्या बाजूने ती दगडविटांत चालू होती.

मनोऱ्याचा वाद हे त्याचेच उदाहरण. कलकत्त्यात स्कॉच चर्चला मनोरा बांधावयाचे ठरले, तेव्हा तेथील बिशप मिडल्टन ह्यांनी हरकत घेतली, आणि रेव्हरंड जेम्स ब्राइस ह्यांनी हट्टाने मनोरा उभारून त्याच्या टोकावर कोंबडा बसवला, अशी आख्यायिका आहे. बिशपाच्या डोक्यावर उभे राहून त्याने आरवावे, हा त्यातील भाव! आख्यायिकेचा तपशील कसाही असो. मनोरा हा तेथे केवळ शोभेचा विषय नव्हता, हे खरे. ज्याचा मनोरा उंच, त्याचे चर्च राजमान्य, असा लोकांचा समज असतो. आपल्याकडे देवळाच्या शिखरावरून गावकऱ्यांत चढाओढ लागते, ती आठवली म्हणजे दूरदेशीचा हा कलह परका वाटत नाही.

मुंबईचे चर्च एप्रिल १८१९ मध्ये उघडले. दुसऱ्या बाजीरावाने माल्कमच्या स्वाधीन होऊन पुरते वर्षही झाले नव्हते. त्याच वर्षाच्या अखेरीस एल्फिन्स्टन मुंबईचा गव्हर्नर झाला. पेशवाईचा अस्त आणि ह्या मंदिराचा आरंभ ह्यांत कार्यकारणभाव लावणे चूक ठरेल. बांधकाम आधीच ठरलेले होते. तथापि ज्यांनी ह्या मंदिरात पहिले उपदेश ऐकले, त्यांतील अनेकांस महाराष्ट्रावरील नवी सत्ता हाताशी आल्याचे भान असणारच. त्या वास्तूच्या मुद्रेवरचा आत्मविश्वास त्याच काळाचा आहे.

वास्तूचे रूप

हे रूप आले कोठून? त्याचे मूळ लंडनच्या सेंट मार्टिन-इन-द-फील्ड्स ह्या चर्चमध्ये सापडते. ते इ. स. १७२६ मध्ये पुरे झाले. त्याचा शिल्पकार जेम्स गिब्ज हा स्वतः जन्माने स्कॉच होता. त्याने प्राचीन रोमन देवळाची स्तंभयुक्त देवडी घेतली, तिच्यावर त्रिकोणी शीर्ष ठेवले आणि छपरातून मध्ययुगीन पद्धतीचा उंच मनोरा वर काढला. दोन निराळ्या युगांतील गोष्टींचे हे कलम होते. मनोरा जमिनीतून न उगवता जणू छपरावर आरूढ झाला आहे, अशी टीका त्या वेळी झाली आणि ती निराधार नव्हती. परंतु इ. स. १७२८ मध्ये गिब्जने आपले नकाशे व आकृत्या पुस्तकरूपाने छापल्या आणि चित्र पालटले. ज्या वसाहतीत शिल्पकार मिळत नसे, तेथे लष्करी इंजिनिअर हे पुस्तक पुढे ठेवून चर्च बांधू लागले. अमेरिकेपासून हिंदुस्थानपर्यंत एकाच घराण्यातील वाटावीत अशी चर्चे दिसतात, त्याचे कारण एक छापील ग्रंथ आहे, ही गोष्ट साहित्याच्या उपासकांस विशेष रुचावी.

तिन्ही इलाख्यांतील स्कॉच चर्चांना सेंट अँड्र्यू ह्या स्कॉटलंडच्या संरक्षक संताचेच नाव मिळाले. कलकत्त्याचे इ. स. १८१८ मध्ये उघडले, मुंबईचे १८१९ मध्ये, मद्रासचे १८२१ मध्ये. तिघांत मद्रासचे सर्वांत धाडसी. त्याचा कर्ता टॉमस द हॅविलंड हा लष्करी इंजिनिअर. तेथील जमीन पाणथळ. म्हणून त्याने विहिरी खोदून त्यांच्या आधारावर पाया घेतला. दक्षिणेत ही रीत देशी कारागिरांस पूर्वापार ठाऊक होती. दालन त्याने वर्तुळाकार केले, सोळा स्तंभांवर घुमट तोलला आणि घुमटाच्या आतल्या बाजूस निळ्या रंगावर तारे काढवले. बाहेरून गिब्जचा शिष्य, पायात तमिळ विहीर, अशी ती जोड आहे. परदेशी वास्तूही देशी हातांवाचून उभी राहत नाही, हा धडा तेथे मिळतो.

मुंबईचे चर्च त्या मानाने शांत व संयमी आहे. त्यात चमत्कृतीचा हव्यास नाही. दर्शनी बाजूस स्तंभांची देवडी. पावसाळ्यात गाडीतून उतरणाऱ्यास आसरा आणि उन्हाळ्यात दाराशी सावली, असे तिचे दुहेरी काम. भिंतींवर गिलावा व पांढरा रंग. त्यामुळे स्तंभ व कंगोरे ह्यांच्या सावल्या रेखीव पडतात आणि शिल्प कोरल्यावाचूनच शिल्पाचे काम ऊन करते. देवडीच्या वर मनोरा टप्प्याटप्प्याने निमुळता होत जातो. गोदीच्या सिंहद्वाराकडून, म्हणजे लायन गेटकडून, पाहिले असता हा सारा मेळ एका दृष्टिक्षेपात येतो. पलीकडे काही अंतरावर सेंट टॉमस कॅथीड्रल आहे. ते इंग्लंडच्या चर्चचे. त्याचा आरंभ सुरतेच्या वखारीचा अध्यक्ष जेरल्ड ऑन्जिअर ह्याच्या काळचा, आणि ते उघडले इ. स. १७१८ च्या नाताळात. ह्या दोन मंदिरांत शंभर वर्षांचे अंतर आहे. सेंट टॉमसच्या भिंती संगमरवरी स्मारकांनी गजबजलेल्या आहेत. ती वास्तू पाहून मग सेंट अँड्र्यूजकडे यावे, म्हणजे बिशपांचे चर्च व वडिलांचे चर्च ह्यांतील स्वभावभेद व्याख्यानावाचून उमगतो.

वीज, ज्योतिषी आणि बर्फ

इ. स. १८२६ मध्ये ह्या मनोऱ्यावर वीज पडली व तो मोडला. उंच आणि टोकदार वस्तूकडे वीज धावते, हे आपण विज्ञानाच्या तासाला शिकवतोच. दगड व चुना ह्यांच्या सांध्यांत पावसाचे पाणी मुरलेले असते. विजेच्या उष्णतेने त्याची एका क्षणात वाफ होते, ती वाफ फैलावते आणि चिरे आतून उखडतात. धातूची सळई टोकापासून जमिनीपर्यंत नेली, तर विजेला सोपी वाट मिळते आणि बांधकाम वाचते. फ्रँक्लिनने ही युक्ती अठराव्या शतकाच्या मध्यासच सुचवली होती. ज्याच्या उंचीसाठी एवढे वाद झाले, तो मनोरा आकाशानेच खाली आणावा, ह्यात प्रतिपक्षास दैवी संकेत दिसला असता, तर नवल नाही.

परंतु पुढच्याच वर्षी, म्हणजे १८२७ मध्ये, मनोरा पुन्हा उभा राहिला. तो उभारणारा जॉन कॅल्डकॉट हा होता. हाच गृहस्थ पुढे त्रावणकोरात गेला. तेथे स्वाती तिरुनाळ महाराजांनी इ. स. १८३७ मध्ये त्रिवेंद्रम येथे वेधशाळा स्थापन केली आणि कॅल्डकॉट तिचा पहिला प्रमुख झाला. आकाशाने पाडलेला मनोरा उभारणारा माणूस पुढे आकाशाचाच अभ्यासक व्हावा, हा योगायोग मुलांस सांगितला असता त्यांच्या मनातून सहसा पुसला जात नाही.

चर्चच्या शेजारी एके काळी बर्फघर होते. अमेरिकेतील बॉस्टन बंदरातून हिवाळ्यात गोठलेल्या तळ्यांचे बर्फ लाकडाच्या भुशात बांधून जहाजाने मुंबईस येई. १८३० नंतरच्या दशकात ह्या व्यापारास सुरुवात झाली, आणि पुढे त्याची साठवण करण्यासाठी ही घुमटाकार इमारत बांधली गेली. कृत्रिम बर्फ निघू लागल्यावर तिचा उपयोग संपला व विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात ती पाडली गेली. आज तेथे तिचा मागमूस नाही. एका बाजूस ईश्वराचे वचन आणि दुसऱ्या बाजूस बॉस्टनचे बर्फ, अशी ती जोडी होती. मुंबई हे जगाच्या व्यापाराचे नाके कसे बनत होते, ते ह्या एका कोपऱ्यावर दिसत असे.

व्यासपीठावरील मराठीचे अभ्यासक

आता साहित्याकडे वळू. येथे एक सावधगिरी अवश्य राखली पाहिजे. सेंट अँड्र्यूज हे मराठी ख्रिस्ती लोकांचे चर्च नव्हते. ते कंपनीच्या पदरी असलेल्या व मुंबईत स्थायिक झालेल्या स्कॉच लोकांचे होते, भाषा इंग्रजी. स्कॉटिश मिशन ही संस्था निराळी. तिचे काम प्रथम कोकणात बाणकोट-हर्णैच्या बाजूस सुरू झाले, मग पुण्यास व मुंबईस आले. चॅप्लनचा पगार कंपनी देई. मिशनरी स्वदेशातील वर्गणीवर राही. हा भेद ध्यानी न घेता लिहिलेली विधाने आमच्या पाहण्यात वारंवार येतात. तीच गत अमेरिकन मराठी मिशनची. ‘ज्ञानोदय’ (१८४२) हे त्याचे पत्र, स्कॉटिश मिशनचे नव्हे. जोतीराव फुले शिकले ते पुण्याच्या स्कॉटिश मिशनच्या इंग्रजी शाळेत. मुलींच्या शाळेची प्रेरणा मात्र त्यांस अहमदनगरच्या अमेरिकन मिशनची शाळा पाहून मिळाली. नावे सारखी वाटली तरी घरे निराळी होती.

तरीही ह्या दोन घरांमध्ये एक दार उघडे होते, आणि त्यातून आलेला माणूस म्हणजे डॉ. जॉन स्टीव्हन्सन. हे प्रथम स्कॉटिश मिशनचे मिशनरी म्हणून कोकणात व पुण्यास राहिले आणि इ. स. १८३४ मध्ये कंपनीचे चॅप्लन होऊन मुंबईस आले. त्यांचे इंग्रजीतील मराठी व्याकरण इ. स. १८३३ मध्ये प्रसिद्ध झाले. दादोबा पांडुरंग ह्यांचे व्याकरण १८३६ चे. कॅरीचे त्याआधीचे व्याकरण (१८०५) बंगालात श्रीरामपुरास तयार झालेले होते. स्टीव्हन्सन ह्यांचे मात्र प्रत्यक्ष महाराष्ट्रात राहून, ऐकून लिहिलेले. पुढे त्यांनी सामवेदसंहितेचे इंग्रजी भाषांतर १८४२ मध्ये आणि जैनांच्या कल्पसूत्राचे १८४८ मध्ये प्रसिद्ध केले. पंढरपूरच्या विठ्ठलभक्तांविषयी त्यांनी लिहिलेल्या निबंधात विठ्ठलभक्तीचा बौद्ध परंपरेशी संबंध जोडलेला आहे. त्यांचे ते अनुमान सर्वांस पटलेले नाही. परंतु वारकरी संप्रदाय हा विद्वच्चर्चेचा विषय आहे, हे त्यांस इतक्या लवकर जाणवले, ही गोष्ट लहान नव्हे. रविवारी ज्या माणसाने व्यासपीठावरून बायबलचे निरूपण करावयाचे, तोच आठवड्यातील इतर दिवशी सामगायकांचे मंत्र लावीत बसे!

हे प्रेम निर्हेतुक होते, असे आम्ही म्हणणार नाही. धर्मप्रसार हा हेतू उघड होता. डॉ. विल्सन इ. स. १८२९ मध्ये मुंबईस आले. दोनच वर्षांनी मोरभट दांडेकरांशी त्यांचा जाहीर वाद झाला, आणि पुढे १८५७ मध्ये समुद्रकिनारी विष्णुबावा ब्रह्मचारी ह्यांच्याशी मिशनऱ्यांचे वाद गाजले. ह्या हल्ल्यांनी समाज दुखावला. परंतु उत्तर देणे भाग पडल्यामुळे शास्त्रीमंडळीस देशी भाषेत, सर्वांस समजेल अशा गद्यात, युक्तिवाद मांडावा लागला. मराठी गद्याच्या घडणीत आघात करणाऱ्याचा आणि प्रत्याघात करणाऱ्याचा असा दोघांचाही वाटा आहे. दोहोंपैकी एकाच्याच पदरी सारे श्रेय टाकणे अन्यायाचे होईल.

फूट

इ. स. १८४३ हे ह्या कथेतील निर्णायक वर्ष. स्कॉटलंडात जमीनदारांनी मंडळीवर तिच्या संमतीवाचून पाळक लादावा काय, ह्या प्रश्नावरून चर्च फुटले. सुमारे एकतृतीयांश पाळक राजचर्चमधून बाहेर पडले. घर, पगार, मंदिर सर्व सोडून त्यांनी ‘फ्री चर्च’ स्थापन केले. हिंदुस्थानातील स्कॉच मिशनरी सर्वच्या सर्व त्यांस मिळाले. डॉ. विल्सन त्यांत होते. स्कॉच चर्चची इमारत व चॅप्लनची जागा राजचर्चकडे राहिली. मिशनऱ्यांस शाळांच्या इमारती व साहित्य ह्यांवर पाणी सोडून नव्याने सुरुवात करावी लागली. तत्त्वासाठी इमारत सोडावी लागते तेव्हा ती सोडणारे लोकही असतात, ही गोष्ट वास्तूंच्या इतिहासात सहसा नमूद होत नाही.

त्याच वर्षी मुंबईत नारायण शेषाद्री ह्या ब्राह्मण तरुणाने मिशनमध्ये बाप्तिस्मा घेतला. त्याचा धाकटा भाऊ श्रीपत अजून अल्पवयी होता. तो मिशनऱ्यांकडे राहिला असता प्रकरण न्यायालयात गेले आणि मुलगा बापाच्या हवाली झाला. परंतु त्यास जातीत परत घ्यावे की नाही, ह्यावरून मोठे वादळ उठले. बाळशास्त्री जांभेकरांनी प्रायश्चित्त देऊन त्यास परत घेण्याचा पक्ष धरला आणि त्यासाठी लोकांचा रोष सोसला. स्कॉटलंडात ‘मंडळीचा अधिकार कोणाचा?’ हा प्रश्न, मुंबईत ‘जातीचा अधिकार कोणाचा?’ हा प्रश्न. दोन्ही एकाच वर्षी. पुढे नारायण शेषाद्री ह्यांनी जालन्याजवळ बेथेल नावाची वसाहत वसवली. ‘यमुनापर्यटन’ (१८५७) ह्या कादंबरीचे कर्ते बाबा पदमनजी ह्यांनीही काही काळ पुण्यास फ्री चर्चचे पाळक म्हणून काम केले.

सुरतेचा धागा आणि शेवटचे मीलन

ही कथा सुरतेत राहणाऱ्या मराठी माणसाच्याही जवळची आहे. येथील आय. पी. मिशन शाळेचे नाव आपण सारे घेतो, परंतु ती दोन अक्षरे कशाची, हे विचारले तर उत्तर क्वचित मिळते. ‘आयरिश प्रेसबिटेरियन’ हा त्यांचा विस्तार. स्कॉटलंडातून आयर्लंडच्या उत्तर भागात जाऊन वसलेल्या लोकांचे हे चर्च. सुरतेस लंडन मिशनरी सोसायटीचे स्किनर व फाइवी हे इ. स. १८१५ मध्येच आले होते. त्यांनी येथे छापखाना चालवला व बायबलचे गुजराती भाषांतर केले. आयरिश मंडळींचे पहिले मिशनरी ग्लासगो व कर हे १८४१ मध्ये काठेवाडात राजकोटास पोहोचले. त्यांना ह्या प्रांताकडे वळवण्यात मुंबईच्या डॉ. विल्सन ह्यांचा हात होता. इ. स. १८४७ मध्ये सुरतेचे कार्य आयरिश मिशनकडे आले. ह्याच मिशनच्या जोसेफ व्हॅन सोमरेन टेलर ह्यांनी पुढे १८६७ मध्ये गुजराती भाषेचे व्याकरण प्रसिद्ध केले. मराठीस स्टीव्हन्सन, गुजरातीस टेलर. प्रेसबिटेरियन पाळक जेथे जाई, तेथे लोकभाषेचे व्याकरण लिहावयास बसे. ज्या पंथात श्रवण हीच उपासना, त्याला श्रोत्याची भाषा आल्यावाचून गत्यंतरच नव्हते.

आणि त्या जुन्या कलहाचे पुढे काय झाले? स्कॉटलंडात फुटलेल्या प्रवाहांचा मुख्य भाग इ. स. १९२९ मध्ये पुन्हा एक झाला. मुंबईच्या चर्चच्या नावात सेंट अँड्र्यूच्या जोडीस सेंट कोलंबा हे नाव आले, ती दोन मंडळ्यांच्या मीलनाची खूण आहे. सहाव्या शतकात आयर्लंडातून स्कॉटलंडात गेलेला कोलंबा हा साधू ह्या दोन्ही देशांस आपला वाटतो. उत्तर हिंदुस्थानात प्रेसबिटेरियन व काँग्रिगेशनल मंडळ्या १९२४ मध्ये एक झाल्या होत्या. शेवटी २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपूर येथे ‘चर्च ऑफ नॉर्थ इंडिया’ स्थापन झाले. त्यात बिशपवाले अँग्लिकन, वडीलवाले प्रेसबिटेरियन व इतर काही मंडळ्या एकत्र आल्या. नव्या चर्चने बिशप ठेवले, परंतु निर्णयाचा अधिकार सिनडला, म्हणजे सभेला दिला. मनोऱ्यावरून सुरू झालेला दीडशे वर्षांचा वाद मराठी मुलखातील नागपुरास, उभय पक्षांनी एकेक पाऊल मागे घेऊन, मिटवला गेला.

आमचे शिक्षकबंधूंस एवढेच सांगणे आहे. मुंबईस सहल न्यावयाची झाल्यास गेट वे ऑफ इंडिया अवश्य दाखवावे. पण तेथून पायी थोडे पुढे जाऊन ह्या पांढऱ्या वास्तूसमोरही मुलांस पाच मिनिटे उभे करावे. ‘हे कोणी बांधले?’ असे विचारले तर ‘इंग्रजांनी’ एवढे उत्तर देऊन थांबू नये. कोणत्या लोकांनी, कोणत्या हट्टाने, कोणाच्या हातांनी आणि कोणत्या पुस्तकावरून ते बांधले, हे सांगावे. सुरतेच्या कबरीपाशी ज्या मुलाने “ह्या मशिदी कोणाच्या?” असे विचारले, त्याने वास्तूकडे डोळे उघडे ठेवून पाहिले होते. त्याच्या प्रश्नाला पुरते उत्तर देण्याइतकी तयारी आपण करावी, हेच आपले काम.